एचपीव्हीची लस दंडात टोचतात, मग गर्भाशयमुखाचं रक्षण होतं कसं?

पेट्रीडिश (प्रश्न)

बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला पॅपिलोमा व्हायरसवर (एचपीव्हीवर) दोन तासिका घ्यायच्या आहेत. मुलं चौकस आहेत, वरवरचं सांगून भागणार नाही. अडचण अशी, की हा व्हायरस रक्तात उतरतच नाही. तो त्वचेच्या किंवा श्लेष्मल आवरणाच्या पेशींत शिरतो, तिथेच वाढतो आणि गळून पडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जातो. लस मात्र दंडाच्या स्नायूत टोचतात आणि तिच्यामुळे तयार होते ती मुख्यतः रक्तातली आयजीजी ही अँटिबॉडी. पोलिओच्या टोचायच्या लसीबद्दल आपण शिकवतो, की ती लकव्यापासून वाचवते पण आतड्यातला शिरकाव फारसा रोखत नाही. मग इथे टोचलेली लस मुळात संसर्गच कशी अडवते? आणि तेही दहा-दहा वर्षं?

दुसरं असं, की तासिकेनंतर मुली (आणि त्यांच्या आया) हमखास विचारतात: एक डोस की दोन, लग्नानंतर घेऊन उपयोग आहे का, मुलग्यांना द्यायची का. यावरही नेमकं सांगता आलं तर बरं.

कॅप्सिड७२

तुमच्या प्रश्नाचं उत्तर व्हायरसच्या शिरण्याच्या पद्धतीतच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. लस हा विषय नंतर घ्या. प्रवेशाचे टप्पे नीट कळले की लस का चालते हे मुलं आपणच सांगतील.

आधी रचना. कण सुमारे 55 नॅनोमीटरचा, त्याला चरबीचं बाह्यावरण नाही. आत सुमारे 8 हजार बेस जोड्यांचा गोलाकार डीएनए, आणि तो गुंडाळलेला असतो यजमान पेशीच्याच हिस्टोनांवर. बाहेरचं कवच म्हणजे एल1 प्रथिनाचे 72 पंचक, एकूण 360 रेणू. त्यांच्या आतल्या बाजूला एल2, ते जास्तीत जास्त 72 आणि बहुधा त्याहून कमीच. बाह्यावरण नसल्यामुळे नुसत्या स्पिरिटवर भिस्त ठेवू नये. योनीमार्गातल्या सोनोग्राफीच्या प्रोबवर स्पिरिटचा बोळा फिरवला की काम झालं असं समजणारे आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगा.

आता प्रवेश. बहुस्तरीय आवरण धडधाकट असेल तर हा व्हायरस त्यावर काहीच करू शकत नाही. त्याला हवी असते सूक्ष्म जखम, वरच्या थरांतून थेट बेसमेंट मेम्ब्रेनपर्यंत (तळाच्या पेशींखालच्या पातळ पडद्यापर्यंत) गेलेली. उंदरांच्या योनीमार्गावरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं: अखंड आवरणावर कण ओतले तर संसर्ग शून्य. नोनोक्सिनॉल-9 या शुक्राणुनाशकाने किंवा ब्रशने घासून आवरण विस्कटलं की संसर्ग होतो.

जखमेत आलेला कण आधी पेशीला चिकटत नाही, उघड्या पडलेल्या बेसमेंट मेम्ब्रेनला चिकटतो. हा मुद्दा बऱ्याच पुस्तकांत निसटतो. पकड असते त्यावरच्या हेपरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांची. त्या पकडीमुळे कवचाची घडी थोडी बदलते आणि एल2चं अमिनो टोक बाहेर डोकावतं. मग फ्युरिन नावाचं एन्झाइम ते टोक कापतं (एचपीव्हीच्या टाइप 16 या प्रकारात बाराव्या अमिनो आम्लानंतर). हा काप झाला नाही तर पुढचं काहीच होत नाही. उलट प्रयोगशाळेत आधीच फ्युरिनने कापलेले कण तयार केले तर ते हेपरान सल्फेट नसलेल्या पेशींतही शिरतात. म्हणजे त्या साखळ्यांचं मुख्य काम कण धरून ठेवून कापासाठी तयार करणं हे आहे, दार उघडणं नव्हे.

दरम्यान जखम भरण्यासाठी कडेच्या केराटिनोसाइट (आवरणाच्याच) पेशी मेम्ब्रेनवरून सरकत येतात. काप झालेला कण त्यांच्या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या रिसेप्टरकडे जातो. हा दुसरा रिसेप्टर नेमका एकच आहे असं अजून दाखवता आलेलं नाही, म्हणून फळ्यावर एकच नाव लिहू नका. मग कण आत ओढला जातो, एंडोसोममध्ये (त्याला आत आणणाऱ्या पुटिकेत) आम्लता वाढते, एल1चा बराच भाग सुटतो. एल2 पडद्यातून आरपार टोक काढून पेशीतल्या रेट्रोमर या वाहतूक-यंत्रणेला धरतं, आणि डीएनए पुटिकेत राहूनच गॉल्जी या पेशीतल्या अंगकाकडे जातो. तिथून केंद्रकात जायला मात्र पेशीचं विभाजन व्हावं लागतं, कारण केंद्रकाचं आवरण विरघळतं तेव्हाच त्याला आत शिरता येतं. न विभाजणाऱ्या पेशीत संसर्ग का जमत नाही, त्याचं कारण हे. तळाच्या थरातल्या पेशी विभाजित होत असतात, आणि जखम भरताना तर जोरात.

या सगळ्याला लागणारा वेळ लक्षात घ्या. कण पेशीबाहेरच कित्येक तास असतो आणि केंद्रकात पोचेपर्यंत साधारण एक दिवस जातो. व्हायरसांच्या जगात हा फारच संथ कारभार आहे, आणि लसीला संधी मिळते ती याच वेळात.

पॅथॉलॉजी_कट्टा

वरच्या उत्तराला पुढचा भाग जोडतो, कारण केंद्रकात पोचल्यानंतरच्या घडामोडी कळल्याशिवाय 'लागण झाल्यावर लस का चालत नाही' हे कळत नाही.

तळाच्या पेशीत व्हायरस गुपचूप राहतो. ई1 आणि ई2 ही प्रथिनं डीएनएच्या काही प्रती करतात (पेशीमागे साधारण 50 ते 100), आणि पेशी विभागली की प्रतीही विभागल्या जातात. कवचाची प्रथिनं, म्हणजे एल1 आणि एल2, या थरात तयारच होत नाहीत. ती होतात वर सरकत परिपक्व झालेल्या, लवकरच गळून पडणाऱ्या पेशींत. पेशी फुटत नाही, दाह होत नाही, रक्तात व्हायरस येत नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेला धोक्याची सूचना मिळणार कुठून? म्हणूनच नैसर्गिक लागणीनंतर पुष्कळ स्त्रियांच्या रक्तात मोजता येण्याजोगी अँटिबॉडी सापडतच नाही, आणि ज्यांच्यात सापडते त्यांच्यातही ती थोडी असते.

अडचण अशी, की वरच्या पेशी एरवी डीएनए बनवणं थांबवतात आणि व्हायरसला तर प्रती काढायच्या असतात. म्हणून ई7 हे प्रथिन आरबी या लगामाला नष्ट करून पेशीला पुन्हा विभाजनाच्या चक्रात ढकलतं. असं जबरदस्तीने ढकललं की पेशीने खरं तर आत्मनाश पत्करायला हवा. ते होऊ नये म्हणून ई6 हे ई6एपी नावाच्या पेशीतल्याच एन्झाइमला हाताशी धरून पी53ची (आत्मनाश घडवणाऱ्या प्रथिनाची) विल्हेवाट लावतं. आरबी गेल्यामुळे पी16 हे पेशीचंच प्रथिन साचतं, आणि बायोप्सीवर आम्ही पी16चं रंजन करतो ते याच कारणाने: व्हायरस दिसत नाही, त्याच्या उपद्व्यापाची खूण दिसते.

बहुतेक लागणी, सुमारे 90 टक्के, दोन वर्षांत तपासणीत दिसेनाशा होतात. तो पेशीजन्य प्रतिकाराचा विजय असतो. ज्या टिकतात त्यांच्यात काही ठिकाणी व्हायरसचा डीएनए तुटून यजमानाच्या गुणसूत्रात घुसतो. तुटताना बहुधा ई2 मोडतं, आणि ई6-ई7वर दाब ठेवणारं तेच असल्यामुळे त्यांचं उत्पादन बेबंद वाढतं. तिथून आक्रमक कॅन्सरपर्यंत बहुधा 10 ते 20 वर्षं. गर्भाशयमुखावर जिथे चपट्या पेशींचं आवरण संपून स्तंभाकार पेशी सुरू होतात ती सीमा यासाठी सर्वांत नाजूक. तिथे व्हायरसला हव्या त्या पेशी जवळजवळ उघड्यावरच असतात.

यात लसीचा संबंध कुठे येतो? लसीने घडवलेल्या अँटिबॉडी एल1 ओळखतात. लागण झालेल्या तळाच्या पेशीवर एल1 नसतं. त्यामुळे लस त्या पेशीला हातही लावू शकत नाही. ई6-ई7वर नेम धरणाऱ्या उपचारात्मक लसींवर काम चालू आहे, तो वेगळा विषय.

कॅप्सिड७२

आता तुमचा मूळ प्रश्न. पोलिओशी केलेली तुलना उत्तम आहे, ती वर्गात जरूर वापरा. पोलिओला आतड्यात शिरायला जखम लागत नाही, एचपीव्हीला लागते. आणि जखम झाली की तिथे रक्तद्रव झिरपतो, म्हणजे आयजीजी आपोआप नेमक्या त्याच जागी, त्याच क्षणी हजर होते. शिवाय गर्भाशयमुखाच्या स्रावातही रक्तातली आयजीजी पाझरत असते, आतड्यातल्यासारखी तिथे सगळी मदार आयजीएवर (स्रावांतल्या अँटिबॉडीवर) नाही. व्हायरसला ज्या जखमेशिवाय गत्यंतर नाही, तीच त्याच्या विरोधातली अँटिबॉडी आणून सोडते.

ती काय करते, हेही उंदरांत पाहिलेलं आहे. अँटिबॉडी भरपूर असेल तर कण बेसमेंट मेम्ब्रेनला चिकटतच नाहीत. अँटिबॉडी कमी असेल तर कण मेम्ब्रेनला चिकटतात, पण तिथून पेशीवर जाऊ शकत नाहीत आणि तिथेच पडून राहतात. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत जेमतेम सापडेल किंवा सापडणारही नाही इतक्या कमी अँटिबॉडीनेही उंदरांत संरक्षण मिळालं आहे. म्हणून 'किमान किती टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) हवं' याचा ठरलेला आकडा अजून नाही, आणि लस घेतलेल्या व्यक्तीची अँटिबॉडी मोजून बूस्टर ठरवण्यात अर्थ नाही. तशी तपासणी कुणी सुचवली तर पैसे वाचवा.

टिकाऊपणाचं कारण लसीच्या घडणीत आहे. यीस्टमध्ये किंवा कीटकपेशींत फक्त एल1चा जनुक घातला तर तयार झालेलं प्रथिन आपणहून जुळून हुबेहूब कवच बनवतं. आत डीएनए नाही, त्यामुळे लागण होणं शक्यच नाही. ब्रिस्बेनमध्ये जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी 1991 साली टाइप 16चे असे कण दाखवले. पण सुरुवातीला ते फार थोडे जुळायचे. पुढे अमेरिकेत डग्लस लोवी आणि जॉन शिलर यांच्या गटाला कारण सापडलं: सगळे ज्या मूळ क्लोनवर काम करत होते त्यात एल1च्या 202 क्रमांकावर अॅस्पार्टेटऐवजी हिस्टिडीन होतं. तो क्लोन कॅन्सरच्या गाठीतून घेतलेला होता. गाठीत व्हायरसला कवच बनवायचंच नसतं, तेव्हा तिथे एल1 बिघडलेलं असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. साध्या लागणीतून घेतलेल्या व्हायरसचं एल1 वापरताच कण भराभर जुळायला लागले. एका अमिनो आम्लाचा हा फरक वर्गात फळ्यावर काढून दाखवण्यासारखा आहे.

जुळलेल्या कणावर एकाच आकाराचे 360 रेणू ठराविक अंतरावर ओळीने बसलेले असतात. बी पेशीवरचे रिसेप्टर एकाच वेळी अनेक ठिकाणी धरले जातात, तिला जबर इशारा मिळतो आणि दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी तयार होऊन अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं आयजीजी स्रवत राहतात. शेवटच्या डोसनंतर महिनाभराने टायटर शिखरावर असतं, दीड-दोन वर्षं उतरतं आणि मग पठारावर स्थिरावतं. हे पठारच महत्त्वाचं. सुटं, न जुळलेलं एल1 टोचलं तर असा परिणाम मिळत नाही, कारण व्हायरसला रोखणाऱ्या अँटिबॉडी कवचाच्या बाहेरच्या वळशांचा घडी पडलेला आकार ओळखतात, सरळ साखळी नाही. त्यामुळेच काही कारखान्यांत यीस्टमधून काढलेले कण एकदा क्षपणकारक रसायनाने सुटे करून पुन्हा जुळवतात. डायसल्फाइड बंध नीट बसतात, कण एकसारखे होतात आणि बाटलीत जास्त टिकतात.

आकाराच्या या काटेकोर ओळखीची किंमतही आहे: संरक्षण टाइपनिहाय असतं. 16 आणि 18 हे दोघे मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरांना कारण, 6 आणि 11 जननेंद्रियांवरच्या सुमारे 90 टक्के चामखिळींना. चार टाइपच्या लसीत हेच चार असतात, नऊच्या लसीत 31, 33, 45, 52 आणि 58 वाढतात. हाताच्या किंवा तळपायाच्या साध्या चामखिळी वेगळ्या टाइपच्या असतात. त्यांच्यासाठी ही लस नाही.

पेट्रीडिश

अतिशय आभार. पोलिओची गाठ सुटली. आता दुसरा भाग: डोस, वय, आणि लस बिघडते कशी? गावाकडच्या दवाखान्यांत वीज जाते, हे मुली स्वतःच सांगतात.

शीतसाखळी

आधी बिघडण्याचं सांगते, कारण त्यात समज नेमकी उलटी आहे. लोक उष्णतेला घाबरतात, पण या लसीचा मोठा शत्रू बर्फ आहे. साठवण 2 ते 8 अंश सेल्सियस. कण अॅल्युमिनियमच्या क्षारावर चिकटवलेले असतात. गोठताना बर्फाचे स्फटिक त्या क्षाराचे कण एकमेकांवर दाबतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि वितळल्यावर ते पुन्हा सुटे होत नाहीत. लस कमकुवत होतेच, टोचलेल्या जागी त्रासही वाढतो. बाटलीवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतो. लस गोठून गेली तरी त्याचा रंग छान राहतो, म्हणून त्याच्याकडे बघून निर्धास्त होऊ नका.

घडतं कुठे? आयएलआरच्या (लसी ठेवायच्या खास फ्रिजच्या) तळाशी बाटल्या ठेवल्या तर, घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवल्या तर, आणि सर्वांत जास्त वेळा व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच भरले तर. आइसपॅक बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचे. वीज गेली तर आयएलआरचं झाकण उघडायचं नाही, तापमान बरेच तास टिकतं.

शंका आली तर शेक टेस्ट. त्याच लॉटची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवायची, वितळू द्यायची, आणि संशयित बाटलीसोबत एकत्र हलवून शेजारी शेजारी ठेवायची. गोठवलेलीत गाळ झपाट्याने खाली बसतो, वर पाणी निवळतं. संशयित बाटलीतला गाळ तितक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला तर तो साठा बाद. निकालासाठी 30 मिनिटं पुरतात. तुलनेची बाटली न ठेवता नुसतं हलवून 'ठीक दिसतेय' म्हणणं ही चाचणी नव्हे.

टोचताना: बाटली चांगली हलवून दुधाळ, एकसारखी करायची. 0.5 मिली, डेल्टॉइडमध्ये, सुई काटकोनात. नंतर 15 मिनिटं बसवून ठेवायचं, कारण या वयातल्या मुलींना भोवळ येते आणि इजा होते ती पडल्यामुळे. शाळेतल्या शिबिरात एकीला भोवळ आली की रांगेतल्या आणखी दोघी-तिघींना येते, म्हणून टोचण्याची जागा रांगेच्या नजरेआड ठेवावी. उपाशीपोटी आणू नये. दुखणं, सूज, थोडा ताप हे एक-दोन दिवस चालतं. यीस्टची गंभीर अॅलर्जी असेल तर यीस्टमध्ये बनवलेली लस नको. गरोदरपणात देत नाहीत, उरलेले डोस बाळंतपणानंतर पूर्ण करतात. स्तनपान चालू असेल तर अडचण नाही.

वय आणि डोस: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक (यीस्टमधली, 6, 11, 16, 18 या चार टाइपची, जुलै 2022मध्ये मंजूर) 9 ते 14 वयात दोन डोस, 0 आणि 6 महिने. 15 ते 26 वयात तीन, 0, 2 आणि 6 महिने. मंजुरी मुली-मुलगे दोघांसाठी आहे. दोन डोसांत 5 महिन्यांपेक्षा कमी अंतर पडलं तर तिसरा द्यावा लागतो. अंतर जास्त झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला डोस द्यायचा. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर वय कितीही असो, तीन डोस धरून चालावं.

एक डोस पुरतो हे कुठून आलं, हे मुलींना सांगाच, कारण पुराव्याचा मोठा भाग आपल्याकडचा आहे. 2009मध्ये भारतात दोन विरुद्ध तीन डोसांची चाचणी सुरू झाली, केंद्रांमध्ये पुणे आणि बार्शीही होती. 2010मध्ये सरकारी आदेशाने लसीकरण मध्येच थांबलं आणि सुमारे 5 हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी 16 आणि 18च्या टिकून राहिलेल्या लागणीविरुद्ध संरक्षण एका डोसने 95.4 टक्के, दोनने 93.1 आणि तीनने 93.3 निघालं. केनियातल्या चाचणीनेही हेच दाखवलं, आणि डिसेंबर 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला. फक्त लक्षात ठेवा: पुरावा ज्या लसीवर गोळा झाला त्या लसीचाच तो असतो. दुसऱ्या लसीला लावायचा तर अँटिबॉडीची तुलना करून दाखवावी लागते. खाजगी दवाखान्यात घेताना त्या लसीच्या मंजूर वेळापत्रकाप्रमाणेच घ्या.

मुलग्यांबद्दल: टाइप 16 घशाच्या, गुदमार्गाच्या आणि शिश्नाच्या कॅन्सरलाही कारण होतो, त्यामुळे फायदा त्यांनाही थेट आहे. पण लस किंवा पैसा मर्यादित असेल तर आधी 9 ते 14च्या मुली.

पॅथॉलॉजी_कट्टा

लग्नानंतर घेण्याबद्दल. आधी एचपीव्ही तपासून मग लस, असं करायची गरज नाही. एका टाइपची लागण असेल तर त्या टाइपवर लस चालणार नाही, उरलेल्यांवर चालेल. इंग्लंडमध्ये 12-13 वयात लस मिळालेल्या तरुणींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर 87 टक्क्यांनी घटला, 16 ते 18 वयात मिळालेल्यांत ही घट 34 टक्केच. लस तीच, शरीराचा प्रतिसादही चांगलाच, मधल्या काळात लागण होऊन गेली एवढाच फरक.

तिशीपुढच्या बाईला माझा सल्ला स्पष्ट असतो: पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी तपासणी. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) 52 ग्रामसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्ही डीएनएची एकच फेरी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅप तपासणीने (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) किंवा अॅसेटिक आम्ल लावून केलेल्या पाहणीने तेवढा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या उद्दिष्टानुसार अशी चाचणी 35 वयापर्यंत एकदा आणि 45 वयापर्यंत पुन्हा व्हावी.

आणि लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी करावीच लागते, कारण लसीबाहेरचे टाइप उरतात. लसीकरणाच्या कार्डावर हे हाताने लिहून द्या: तिशीला पोचलीस की तपासणीला ये.

पेट्रीडिश

एक शेवटचं. हा व्हायरस साध्या पेशी-संवर्धनात वाढत नाही म्हणतात. मग लसीची अँटिबॉडी व्हायरसला रोखते हे मोजतात कशावर?

कॅप्सिड७२

खोट्या कणांवर. 293टीटी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत दोन प्लास्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) घालतात: एकावर एल1 आणि एल2, दुसऱ्यावर चमकणाऱ्या किंवा रंग देणाऱ्या प्रथिनाचा जनुक. पेशी कवच बनवतात आणि दुसरा प्लास्मिड आत कोंबला जातो. पेशी फोडून कण लगेच गोळा केले तर ते कच्चे असतात. रात्रभर 37 अंशांना तसंच ठेवून डायसल्फाइड बंध पक्के होऊ द्यावे लागतात, नाहीतर शुद्धीकरणात बरेच वाया जातात. मग रक्तद्रवाच्या वाढत्या विरलतेबरोबर कण तासभर मिसळून ठेवायचे, ते पेशींवर घालायचे, आणि तीन दिवसांनी चमक मोजायची. चमक निम्म्यावर आणणारी विरलता म्हणजे टायटर. रक्तद्रवाशिवायच्या खोबणीत चमक पुरेशी आली नसेल, तर त्या दिवसाचा सगळा ट्रे रद्द.